दिवेलागणीला येणारी माणसं

डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांसमोरचं यंत्र बाजूला केलं, आपली खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "मावशी, रिकाम्या जागी माणसं दिसतात का तुम्हाला?"

शेजारी माझा मुलगा प्रवीण बसला होता. डोळे तपासताना दिवे बंद ठेवतात, म्हणून खोलीत अंधार होता. त्या अंधारात, डॉक्टरीणबाईंच्या खांद्यामागे, तेव्हासुद्धा एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे.

"मनमोकळं सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी नजर गेलेल्या बऱ्याच लोकांना दिसतात. लोक वेडं म्हणतील या भीतीनं ते सांगत नाहीत."

"आता बी दिसून राहिली," मी म्हटलं. "तुमच्या मागं उभी आहे."

प्रवीणनं दचकून तिकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, एवढ्यानंच माझ्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं.

"ती बोलते का काही? तुम्हाला काही करायला सांगते?"

"नाही जी. कोणीच बोलत नाही."

"मग ऐका. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. तुम्ही वेड्या नाही आहात, आणि ती बाईही तिथं नाही. नजर कमी झाली, की मेंदूकडे डोळ्यांमार्फत जायचं ते पोहोचत नाही. मग मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. चूक डोळ्यांत आहे, डोक्यात नाही."

प्रवीणनं माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी मी पूर्ण श्वास घेतला. ती बाई मात्र उभीच होती.

मला आता लिहिता येत नाही. मी बोलते आणि माझी सून अश्विनी लिहून घेते. माझी बोली ती पुस्तकी करते. फक्त कोणी कोणाशी बोललं असेल ते तसंच ठेव, असं मी तिला सांगितलं आहे. कोणाच्या घरात माझ्यासारखं माणूस असेल, तर त्यांच्यासाठी हे आहे.

माझं नाव कुसुम. माहेर उमरेडचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. लग्न होऊन नागपूरला आले आणि नंदनवन वस्तीतल्या या घरात आयुष्यभर लोकांचे ब्लाउज शिवले. सुईत दोरा ओवायला मला कधी दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागला नव्हता. डोळे हीच माझी कमाई होती.

आमचे हे एका दुपारी जेवण करून हात धुवायला उठले आणि मोरीजवळ पडले. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा जाणवलं, की गच्चीवरून दिसणारा विजेचा खांब मधेच वाकडा झाला आहे. मी अश्विनीला म्हटलं, खांबाला कोणत्या गाडीनं धडक दिली वाटते. ती म्हणाली, "खांब तर सरळ आहे, आई."

मी चष्म्याला दोष दिला. मग सुईचं भोक दिसेना. मग समोरच्या माणसाचं तोंड दिसेना.

हे समजावून सांगणं कठीण आहे. मला आंधळेपण आलं नव्हतं. कडेचं सगळं दिसायचं. दाराची चौकट, कॅलेंडर, बसलेल्या माणसाचे पाय. पण ज्याच्याकडे बघावं तिथंच, बरोब्बर मधोमध, राखेसारखा एक डाग. प्रवीणचा शर्ट दिसायचा, त्याचं तोंड नाही. भिंतीवर ह्यांच्या फोटोचा हार दिसायचा, आतले हे नाही.

धंतोलीत डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथं बसायला जागा नव्हती. गोंदियाचे, चंद्रपूरचे, यवतमाळचे लोक डबे घेऊन आलेले. कोणाच्या डोळ्याला हिरवी पट्टी, कोणी मान मागे टाकून बसलेलं. डोळ्यांत थेंब टाकले, की बाहुल्या मोठ्या होतात आणि उजेड सहन होत नाही. थेंब टाकलेले आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो. मग ओसीटी नावाची तपासणी झाली. यात टोचत काही नाही, यंत्रात हनुवटी ठेवून एका ठिपक्याकडे बघायचं असतं. डोळ्याच्या पडद्याचा फोटो निघतो.

आजाराचं नाव निघालं मॅक्युलर डीजनरेशन. मॅक्युला म्हणजे पडद्याचा अगदी मधला भाग. त्यानंच आपण वाचतो, शिवतो, चेहरे ओळखतो. तो वयानं झिजतो. ओल्या प्रकाराला इंजेक्शन असतं. माझा प्रकार कोरडा होता. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी आल्यावर मी शिलाई मशीनवर चादर टाकली.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते सुरू झालं.

दुपारची वेळ होती. जेवण झालं होतं, कूलर सुरू होता, मी दिवाणावर पडले होते. समोरच्या भिंतीवर एक काठ उमटला. लुगड्याचा काठ. लाल, त्यात बारीक पिवळी नक्षी, आणि तो भिंतीवरून हळूहळू सरकत होता, जसा मागावरून विणून पुढे सरकतो. मला इतकं बारीक किती दिवसांत दिसलं नव्हतं. एकेक धागा मोजता आला असता. माझ्या वडिलांच्या हातचे सगळे काठ मला पाठ आहेत. हा त्यांतला नव्हता. हा कोणाचाच नव्हता.

मला आनंद झाला. वाटलं, नजर परत आली. मी कॅलेंडरकडे पाहिलं. तिथं राखेचा डाग तसाच होता.

काठानंतर मुलं आली. गुडघ्याएवढी, टोपड्यांतली, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली रांगेत उभी. मग मोठी माणसं. फेटेवाले, पदरवाल्या, एक जण पायांत बूट आणि अंगात फक्त धोतर. ते काही करत नसत. उभे राहत, बसत, कधी खोलीतून चालत जाऊन भिंतीत शिरत. बहुतेक दिवेलागणीच्या आधी येत, जेव्हा घरात धड उजेड नसतो आणि धड अंधारही नसतो.

सगळ्यांत वाईट काय होतं सांगू? त्यांचे चेहरे दिसायचे. माझ्या पोटच्या पोराचं तोंड मला दिसत नव्हतं, माझी नात ओवी हसली तर दात दिसत नव्हते, आणि या परक्या माणसांच्या पापण्या दिसत होत्या. एका बाईच्या नाकातली चमकी. एका म्हाताऱ्याच्या गालावरचा मस. काहींचे डोळे माणसाला असतात त्यापेक्षा मोठे होते, आणि ते माझ्याकडे बघत नसत. माझ्या थोडं बाजूला बघत.

मी कोणाला सांगितलं नाही. पण माणूस किती लपवणार? एक दिवस मी हॉलमधून जाताना अंग चोरून बाजूला झाले. अश्विनी सांबार निवडत बसली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"आई, तुम्ही कोणाले रस्ता देऊन राहिल्या?"

मी म्हटलं, "कोणाले नाही." तिनं पुढे विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तिची नजर माझ्यावर राहू लागली. ती मला दिसत नव्हती तरी कळत होती.

माझी धाकटी बहीण मंगला कुहीला असते. धानाची शेती आहे त्यांची. ती भेटायला आली तेव्हा मला राहवलं नाही. तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि खोलीत चारही बाजूंना पाहिलं.

"ताई, हे बाहेरचं आहे वं."

"मले तसं नाही वाटत."

"तुले काय कळते? भाऊजी असे अचानक गेले. काही बोलाचं राहून गेलं असन." मग ती माझ्याजवळ सरकली. "आज हे लोक येऊन राहिले ना? पाह्य, एक दिवस भाऊजी येतील."

तिनं माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि उंबऱ्यावर लिंबू ठेवून गेली. लिंबू अश्विनीनं संध्याकाळी उचलून टाकलं. पण मंगलाचं ते वाक्य घरातच राहिलं.

प्रवीणला वाटलं मला विसरभोळेपणाचा आजार होतो आहे. म्हणून तो मला पुन्हा धंतोलीला घेऊन गेला आणि डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न विचारला, ज्यापासून मी सुरुवात केली. खात्रीसाठी त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. रक्तातली साखर, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह. डोक्याचा एमआरआय, म्हणजे एका बोगद्यात झोपवतात आणि बाहेरून कोणी पत्रे बडवल्यासारखा आवाज येत राहतो. एका दुसऱ्या डॉक्टरांनी आज वार कोणता, शंभरातून सात काढत जा, असं विचारून स्मरणशक्ती पाहिली. सगळं ठीक निघालं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "यावर गोळी बहुधा लागत नाही. सवयी लागतात. दिवेलागणीच्या आधीच दिवे लावायचे. एकटं, मुकाट बसायचं नाही. माणसं दिसली तर डोकं न हलवता डोळे डावीकडे, उजवीकडे, असे काही वेळा फिरवायचे. पापण्या मिटायच्या, उघडायच्या. उठून दुसऱ्या खोलीत जायचं. नाहीतर सरळ हात लावायला जायचं, ते नाहीसे होतात. पुष्कळांचं काही काळानं कमी होतं."

मी हे सगळं शिकले. विशेषतः शेवटचं. एखादा फेटेवाला वाटेत उभा असला, तर मी आता बाजूला होत नसे. सरळ चालत जाई. जवळ गेलं की तो विरून जाई. पहिल्यांदा गेले तेव्हा अंगावर काटा आला होता. नंतर सवय झाली. प्रवीण ऑफिसातून आला की विचारी, "काय आई, आज किती पाहुणे?" आणि आम्ही हसायचो. अश्विनी हसायची नाही, पण तिचीही भीती कमी झाली होती. मधे शेजारी ठेवलेली ओवी शाळेतून आली की पुन्हा दुपारभर माझ्याजवळ राहू लागली.

एक गोष्ट मात्र मी करत नव्हते. दिवेलागणीच्या आधी दिवा लावत नव्हते.

कारण मला वाटायचं, परक्यांचे चेहरे इतके स्वच्छ दिसतात, तर ह्यांचा का नाही दिसणार? फोटोत राखेचा डाग होता. आठवणीतला चेहराही हळूहळू तसाच होत चालला होता. भुवया आठवल्या तर हनुवटी निसटायची. मला भूत नको होतं. मला फक्त एकदा ह्यांचं तोंड पाहायचं होतं, मधोमध, डाग नसलेलं. म्हणून अश्विनी कामावरून यायच्या आधी, ओवी शेजारी खेळायला गेली, की मी हॉलमध्ये दिवा न लावता बसायची. ते येत. मी एकेकाचं तोंड पाहायची. बाजारात हरवलेलं माणूस शोधावं तसं.

हे मात्र आले नाहीत.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. मी चहा केला. चहा मला अजून करता येतो. पाणी उकळल्याचा आवाज आणि साखरेचा चमचा हाताला माहीत आहे. स्टीलचा पेला भरून घेतला आणि हॉलकडे निघाले. हॉलमध्ये दिवा नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात एक लहान मुलगी उभी होती. दोन्ही हात पसरलेले, एक पाय किंचित उचललेला, अजिबात न हलणारी. त्यांची मुलं अशीच उभी राहतात. मी तिचं तोंड पाहायला थांबले नाही. नेहमीसारखी सरळ चालत गेले.

माझ्या पोटाला काहीतरी धडकलं. पेला निसटला. आणि किंकाळी ऐकू आली.

त्यांना आवाज नसतो.

ओवी शेजारच्या मुलीबरोबर स्टॅच्यू खेळत होती. अनवाणी धावत घरात आली होती आणि मागून त्या मुलीनं हळूच "स्टॅच्यू" म्हटलं म्हणून दारातच पुतळा झाली होती. आजी थांबेल, असं तिला वाटलं होतं.

हे लिहिताना अश्विनीचा हात थांबला. मी म्हटलं, नसलं लिहायचं तर हे सोडून दे. ती म्हणाली, "सांगा तुम्ही, आई. मी लिहून राहिली."

मी ओवीला उचलून नळाखाली नेलं आणि तिचा हात थंड पाण्याखाली धरून ठेवला. शेजारीण धावत आली, टूथपेस्ट लावा म्हणाली. मी लावू दिली नाही. भाजल्यावर फक्त नळाचं साधं पाणी, ते बराच वेळ, हे मला शिवणकामात इस्त्रीचे चटके खाऊन माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, वरवरचं आहे, मनगटाजवळ थोडा डाग राहील. ओवी रात्रीपर्यंत पट्टी दाखवत मिरवायला लागली. मी मात्र माझे हात मांडीवर ठेवून बसून होते. पेला त्यांच्यातूनच निसटला होता, म्हणून मी त्यांवर शाल घेतली होती.

अश्विनीनं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, मले तुमचा राग नाही येऊन राहिला. मले भीती वाटून राहिली."

ओवीला घेऊन ती भंडाऱ्याला माहेरी गेली. काही दिवसांसाठी, असं म्हणाली.

एकटेपणात ही माणसं वाढतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ते खरं निघालं. प्रवीण ऑफिसात गेला, की घर भरून जाई. आता मी सगळे दिवे लावत होते, तरी ते येत. एक दिवस हॉलभर लोक खाली बसले होते. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, दाटीवाटीनं. ह्यांना नेलं त्या दिवशी आमच्याकडे लोक असेच बसले होते. मी दारात उभी राहून पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत तोंडं पाहिली. माझी नणंद नव्हती, मंगला नव्हती, गल्लीतलं कोणी नव्हतं. परक्यांचं सुतक माझ्या घरात बसलं होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "उठा. जा आता." एकानंही मान वर केली नाही.

मी आत गेले, दार लावलं आणि प्रवीण येईपर्यंत पलंगावर डोळे मिटून बसले. मिटल्या डोळ्यांपुढे ते नसतात. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

प्रवीण आला. मी त्याला म्हटलं, "दिवा मीच नव्हती लावत, बाबू. डॉक्टरनं सांगितलं होतं, तरी नव्हती लावत."

"काहून वं आई?"

"तुझ्या बाबाले पाहाचं होतं."

तो माझ्याजवळ येऊन बसला. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, पण श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "मले बी कधी कधी आठवत नाही त्यायचं तोंड. मग मी मोबाईलमधला फोटो पाहतो. तुले तो बी नाही पाहता येत, हे माह्या ध्यानातच नाही आलं."

त्यानं त्याच रात्री भंडाऱ्याला फोन केला. काय बोलला ते मला माहीत नाही. धंतोलीच्या पुढच्या तारखेला दवाखान्यात माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणालं, "मी आहे, आई. अश्विनी."

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. चहाचं, दिव्याचं, ह्यांचं. त्या म्हणाल्या, "मावशी, या आजारात ओळखीचे चेहरे सहसा येत नाहीत. कोणाला कधी दिसत असतीलही. पण तुम्ही वाट बघू नका. वाट बघणं या माणसांना बोलावणं आहे."

बाहेर पडताना रिक्षात मी रडले. ह्यांना दुसऱ्यांदा पोहोचवून आल्यासारखं वाटत होतं. घराजवळ येईपर्यंत मनात एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. हे आले असते, तरी मुके आले असते. आणि हे मुके कधी नव्हतेच. गल्लीच्या टोकापासून खाकरत यायचे, दारातून हाक मारायचे, चहाच्या घोटाचासुद्धा आवाज करायचे. मी त्यावरून कितीदा चिडले असेन. मुका आलेला माणूस ह्यांच्यासारखा दिसला असता, पण हे नसते.

मार्ग अश्विनीनं काढला. घरी आल्यावर ती म्हणाली, "ते बोलत नाहीत ना? मग आपण बोलाचं."

तेव्हापासून आमच्या घरात कोणी मुकाट्यानं खोलीत येत नाही. अश्विनी "आली मी" म्हणत येते. प्रवीण शीळ घालतो. दूधवाल्यालासुद्धा तिनं सांगितलं आहे, तो दारातून "दूध आहे मावशी" म्हटल्याशिवाय पुढे येत नाही. मंगला कुहीहून येते ती फाटकापासून ओरडत येते, "ताई, मी मंगला, अस्सल!" आणि ओवी तर दारात उभी राहून शाळेत हजेरी द्यावी तशी म्हणते, "आजी, मी खरी आहे!" हातात गरम काही असेल तर मीही आधी विचारते, "कोण आहे तिथं?" उत्तर आलं नाही तरी थांबते. कोणी नसलं तर नसलं. थांबल्यानं चहा थोडा निवतो, एवढंच.

बाकीच्या सवयीही जमल्या. उन्हं कलली की दिवे. हॉलच्या कोपऱ्यात एक ठेंगणा दिवा आणला, तो दिवसभर असतो. शिवणं गेलं, पण तुरीच्या शेंगा सोलायला डोळे लागत नाहीत. हिवाळ्यात सकाळी गच्चीवर ऊन घेत बसते, संत्रं सोलते, सालीचा वास बोटांना दिवसभर राहतो. रेडिओ लावते. हे सारं पूर्वीही होतं, पण तेव्हा ते वेळ घालवणं वाटायचं. आता हे माझं औषध आहे. नुसतं डोळ्यांवर जगले तेव्हा हातांना, नाकाला, कानांना इतकं कळतं हे मला ठाऊक नव्हतं.

ती माणसं गेली का? नाही. कमी झाली. आठवडा आठवडा येत नाहीत, मग एकदम येतात. कधी भिंतीवर तो लाल काठ सरकताना दिसतो आणि मी तो पुरता बघून घेते. तेवढी चोरी मी ठेवली आहे.

तुमच्या घरात कोणाची नजर कमी होत असेल, तर त्यांना एकदा विचारा. कोणी दिसतं का, म्हणून. दिवसा विचारा, हसू नका, आणि हो म्हटलं तर मागे वळून पाहू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. ज्या बाईंनी मला तो प्रश्न विचारला, त्यांचे आभार मानायला मी मिठाई घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, मी काही केलंच नाही. मी म्हटलं, तुम्ही विचारलं.

परवाची गोष्ट. ओवी माझ्याजवळ बसून पोहे खात होती. बाहेर ढग आले होते म्हणून घरात लवकर अंधारून आलं. तिनं विचारलं, "आजी, आता आहे कोणी?"

मी तिच्याशी खोटं बोलत नाही. "आहे. एक बुवा आहे. डोक्यावर ट्रंक घेऊन उभा आहे."

"काहून उभा आहे?"

"माहीत नाही."

ती दिवाणावर थोडी सरकली. "बस म्हण त्याले. ट्रंक ठेव म्हण खाली. थकला असन."

"त्याले ऐकू येत नाही, बाई."

तिनं थोडा विचार केला, उठली आणि खुर्चीवर चढून दिव्याचं बटण दाबलं. मी डोळे डावीकडे नेले, उजवीकडे नेले.

"गेला?"

"गेला."

"कुठी गेला?"

"डॉक्टरबाई म्हणते, ते माह्या डोक्यातच राहतात."

ती खुर्चीवरून उतरली, माझ्यासमोर आली आणि पोह्यांचे दोन्ही हात माझ्या कपाळावर ठेवले. आत कोणी आहे का ते बघत असावी.

"मग तिथं लाईट नाही का, आजी?"

तिचे हात उबदार होते, तेलकट होते, हळदीचा वास येत होता. तिनं काढेपर्यंत मी ते तसेच राहू दिले.